हळदीची पट्टी, सिनेमा आणि सहल

हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात. १६१ क्रमांकाचा महामार्ग अकोल्याहून निघतो, वाशीम, हिंगोली, कळमनुरी करत इथं येतो आणि नांदेड, देगलूरवरून तेलंगणातल्या संगारेड्डीपर्यंत जातो. ३६१ क्रमांकाचा नागपूरहून यवतमाळ, उमरखेड, हदगाव करत फाट्याला येतो आणि नांदेड, लातूर मागं टाकून तुळजापूर गाठतो. विदर्भातून मराठवाड्यात उतरणाऱ्या गाड्या इथं पाच-दहा मिनिटं तरी थांबतातच, आणि थांबल्या की माणसं खिचडी खातात. वारंग्याची खिचडी हे नाव या रस्त्यावरच्या प्रवाशांना पाठ आहे. वाफाळती प्लेट समोर आली की आई बोटांनी खिचडी प्लेटभर पसरवते, कडेची निवलेली आधी पोराच्या तोंडात घालते आणि दुसऱ्या हातानं पोराला रस्त्याकडं पळण्यापासून अडवते. हे दृश्य फाट्यावर रोज दिसतं.

आसपासच्या गावांतली मुलं कळायला लागल्यापासून दुसऱ्यांच्या सहली बघत वाढतात. शाळेच्या गाडीची वाट पाहणारं पोर समोर थांबलेल्या जीपच्या टपावरच्या बॅगा बघतं आणि संध्याकाळी घरी विचारतं, "पप्पा, आपण कव्हा जायचं?" या प्रकरणात त्या प्रश्नाचाच विचार करायचा आहे. आईबापांच्या रोजच्या धबडग्यात सिनेमा आणि सहल बसते कुठं, ही रीत आली कुठून, आणि मुलाच्या मनात त्यातलं टिकतं काय?

या भागात घराचं कॅलेंडर पीक ठरवतं. हळद पावसाळ्याच्या तोंडावर लावतात आणि जानेवारीनंतर काढतात. मग ती शिजवायची, अंगणात किंवा शेतात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. माल हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतच्या बाजारात जातो आणि विक्रीची पट्टी हातात पडते, तोवर उन्हाळा तापलेला असतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इतकं हे पीक इथल्या मातीशी जोडलेलं आहे. शाळाही त्याच सुमारास सुटतात. म्हणून पोराच्या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळतं, "पट्टी आली की बघू." सोयाबीनवाल्यांचं हेच उत्तर दिवाळीच्या सुटीला लागू पडतं.

फाट्यावर ज्यांचं हॉटेल, पंक्चरचं दुकान किंवा रसवंती आहे त्यांची अडचण निराळी. लोकांची सुटी हाच त्यांचा हंगाम. मे महिन्यात आणि दिवाळीत गल्ला सोडून हलायची सोय नसते. अशा घरातली मुलं सुटीत बापाच्या हाताखाली पाण्याचे ग्लास भरतात आणि त्यांची सहल निघाली तर पावसाळ्यात, शाळा बुडवून निघते. पोरानं दोन दिवस शाळा बुडवली म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्यांचा मे महिना बघावा.

मोठ्या सहलीचं असं असलं तरी सिनेमा हातातला असतो. नांदेड तासाभरावर आहे. एसटीनं हा खर्च बराच हलका केला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट लागू झालं, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं तिकीट तर जुनंच आहे. म्हणजे आजी फुकट, आई आणि पोरं अर्ध्यात, पूर्ण पैसे एकट्या बापाचे. २०२३ च्याच जूनअखेरीस केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला आणि गावोगावच्या बायका गट करून थिएटरात गेल्या. त्या गर्दीचं श्रेय सिनेमाचंच, पण घरातून निघणं सोपं करणाऱ्या अर्ध्या तिकिटाचाही त्यात थोडा वाटा असावा, असं मला वाटतं.

घरच्यांनी मिळून सिनेमाला जायची आपल्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट दादासाहेब फाळक्यांच्या घरातली आहे. १४ एप्रिल १९११ रोजी फाळके आपला मोठा मुलगा भालचंद्र याला घेऊन मुंबईत गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर जनावरं होती. पोरगं घरी आलं आणि आईला सांगू लागलं की मी हलणारी, चालणारी जनावरं पाहिली. घरात कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांना घेऊन पुन्हा त्याच थिएटरात गेले. ईस्टरचे दिवस असल्यामुळं त्या दिवशी जनावरांच्या ऐवजी येशूच्या चरित्राचा चित्रपट लागला होता. तो बघता बघता फाळक्यांना राम आणि कृष्ण असे पडद्यावर दिसतील का, हा विचार सुटेना. पुढं पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडण्यापासून शूटिंगच्या सगळ्या माणसांच्या स्वयंपाकापर्यंत कामं केली, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यात रोहिदासाचं काम केलं भालचंद्रानं.

या हकिगतीत फाळके लंडनला गेले, कॅमेरा आणला, हे सगळे सांगतात. मला मात्र पहिल्या दिवसाचं पोराचं बोलणं महत्त्वाचं वाटतं. मुलानं घरी येऊन सांगितलं, घरच्यांनी ते उडवून न लावता "चला, बघू" म्हटलं, म्हणून पुढचं घडलं.

पडदा मुलाला कसा दिसतो याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन फ्लॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना टीव्हीवर लाह्यांनी भरलेला वाडगा दाखवला आणि विचारलं, हा टीव्ही उलटा केला तर लाह्या सांडतील का? १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांची बरीच मुलं सांडतील असं म्हणाली. चार वर्षांच्या मुलांना मात्र ते चित्र आहे हे बहुधा कळत होतं. म्हणजे थिएटरात तीन वर्षांचं पोर वाघ बघून आईच्या पदराखाली शिरतं तेव्हा ते हट्ट करत नसतं. त्याच्या लेखी वाघ खरोखर समोर आलेला असतो. "घाबरतोस काय, खोटं आहे ते" म्हणून त्याला पुढं बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही. उचलून बाहेर न्यावं, पाणी पाजावं, वाटलं तर दारातून पुन्हा डोकावू द्यावं.

सिनेमा निवडताना आईबापांच्या मदतीला आता एक गोष्ट आली आहे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पूर्वीचा सरसकट 'यूए' शिक्का तीन वयांत विभागला गेला, सात वर्षांवरच्या, तेरा वर्षांवरच्या आणि सोळा वर्षांवरच्या मुलांसाठी. तो सक्तीचा नसून पालकांना दिलेला इशारा असतो, निर्णय आपणच घ्यायचा. तिकीट काढण्याआधी पोस्टरच्या कोपऱ्यातलं हे अक्षर आणि आकडा बघण्याची सवय आपल्याकडं अजून पडायची आहे.

पाळण्यांची हौस इथं सिनेमाइतकीच जुनी. हिंगोलीचा सार्वजनिक दसरा महोत्सव दीडशे वर्षांहून अधिक परंपरा सांगतो. रामलीला मैदानावर रावणदहन होतं आणि त्याच्या आगेमागे प्रदर्शन भरतं. आकाशपाळणे, ब्रेकडान्स, मौत का कुआँ, फुगे फोडायच्या बंदुका, भजी-जिलेबीची दुकानं. नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, औंढ्याची महाशिवरात्र, इथंही हाच थाट. पूर्वी यात्रांमध्ये तंबूतले सिनेमेही येत. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या सिनेमांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कानच्या महोत्सवात गौरवला गेला. तिकीट काढून दिवसभर पाळण्यांत बसायची बंदिस्त उद्यानं आपल्याकडं खूप उशिरा आली. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ मध्ये.

या उद्यानांचं मूळ शोधत गेलं की आणखी एक बाप भेटतो. युरोपात करमणुकीच्या बागा आधीपासून होत्या, कोपनहेगनचं तिवोली १८४३ चं आहे. पण एका कल्पनेभोवती बांधलेल्या उद्यानाचा आजचा घाट वॉल्ट डिस्नी यांच्यामुळं रूढ झाला. ते सांगत की शनिवारी आपण डायान आणि शॅरन या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसायला न्यायचो. मुली फिरायच्या आणि बाप बाकावर शेंगा खात बसायचा. मोठ्यांना आणि मुलांना बरोबरीनं मजा करता येईल अशी जागा असायला हवी, हा विचार त्या बाकावरचा. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं.

फाळके आणि डिस्नी, दोघांच्याही हकिगतीत मुलाला घेऊन बाहेर पडलेला बाप आहे. करमणुकीचे दोन मोठे धंदे अशा एकेका घरगुती फेरीतून निघाले. आपण सहलीचा बेत करतो तेव्हा मात्र बहुतेकदा त्या जागेचाच विचार करतो, तिथं काय काय आहे, किती बघून होईल, पैसे वसूल कसे होतील. माझं मत असं की बेताची सुरुवात पोरापासून करावी. त्याचं वय काय, त्याला भूक कधी लागते, ते किती वेळ चालू शकतं, यावर ठिकाण आणि दिवस ठरावेत.

वारंग्याच्या माणसाला सहलीसाठी हैदराबादच जवळ पडतं. खोपोलीला जायचं तर जवळपास सगळा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो, हैदराबाद साधारण निम्म्या अंतरावर. शिवाय नातं जुनं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि नंतरही १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत कारभाराची राजधानी हैदराबादच होती. घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून दवाखाना, कापड, लग्नाचा बस्ता यांच्या निमित्तानं हैदराबाद येतं. आता नातवंडं रामोजी फिल्म सिटी बघायला जातात. 'ईनाडू' या तेलुगू दैनिकाचे संस्थापक रामोजी राव यांनी ती १९९६ मध्ये उभी केली. सुमारे १,६६६ एकरांवरचा हा जगातला सगळ्यात मोठा चित्रनगरी परिसर म्हणून गिनेस बुकात नोंदला गेला आहे. राव २०२४ च्या जूनमध्ये वारले.

रस्त्यानं जायचं तर फाट्यावरूनच १६१ धरायचा. देगलूर मागं पडलं की मदनूरला पाट्या तेलुगू होतात, पोरांना हे दाखवावं. पुढं संगारेड्डी ओलांडलं की हैदराबादचा १५८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता लागतो आणि शहरात न शिरता पूर्वेच्या विजयवाडा रस्त्यापर्यंत पोचवतो, फिल्म सिटी त्याच रस्त्यावर. रेल्वेनं जायचं तर नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेस आहे. पोटच्या पोराला गाडी लागत असेल तर रेल्वेच बरी.

गाडी लागण्याचं कारण पोटात नसतं. कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. गाडी वळते, दचकते तेव्हा ते मेंदूला सांगतं की आपण हलतोय. त्याच वेळी पोराचे डोळे मोबाईलवर असले तर ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळ सुरू होते. दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यात जास्त असतो. लिंबू हुंगायला देण्याआधी मोबाईल काढून घ्यावा, पोराला पुढं किंवा खिडकीशी बसवावं आणि लांबच्या डोंगराकडं, झाडाकडं बघायला लावावं. निघताना पोट गच्च नको आणि रिकामंही नको. फाट्यावरची खिचडी पोराला अर्धी प्लेटच द्यावी, एवढा मोह आवरावा.

फिल्म सिटीत लाल बसमधून सेट दाखवतात. विमानतळ आहे, रेल्वे स्टेशन आहे, 'बाहुबली'साठी उभारलेलं माहिष्मती आहे. जवळ गेल्यावर दगडासारखं दिसलेलं काही दगडाचं नसतं. पोरं बोटांनी टकटक करून बघतात आणि आतून पोकळ आवाज आला की एकमेकांकडं बघून हसतात. सिनेमा कसा करतात हे दाखवणारा एक खेळही तिथं आहे. प्रेक्षकांतल्याच एखादीला बोलावून जागच्या जागी हलणाऱ्या टांग्यात बसवतात, तिच्या हातात लगाम देतात. नंतर मागं पळता रस्ता जोडतात, टापांचा आणि चाकांचा आवाज भरतात आणि मघाशी नुसतीच हलत बसलेली ती बाई पडद्यावर भरधाव टांगा हाकताना दिसते. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी सगळ्या सहलीत याहून मोलाचं काही नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे. तीन वर्षांचं असताना त्याला ज्या पडद्याची भीती वाटली होती, तो कसा बनतो हे त्याला इथं उघड्यावर दिसतं.

एका दिवसात हे सगळं उरकायचा अट्टहास करू नये. उन्हाळ्यात तर नाहीच. मे महिन्यात हैदराबादचं ऊनही कडकच असतं, त्यामुळं जमत असेल त्यांनी दिवाळीची सुटी धरावी. सकाळी दोन गोष्टी, दुपारी सावलीत जेवण आणि पोरांची डुलकी, मग पाखरांची बाग किंवा फुलपाखरं, एवढं भरपूर झालं. पाळण्यांना उंचीची अट असते, कारण मांडीवर येणारा दांडा ठरावीक उंचीच्या शरीरालाच नीट धरून ठेवतो. घरी भिंतीशी उभं करून पोराची उंची मोजून ठेवावी आणि कशात बसता येणार नाही ते निघण्याआधीच त्याला सांगावं. रांगेत दोन तास उभं राहून शेवटी नकार ऐकलेल्या पोराचं रडं लवकर थांबत नाही.

रांगेबद्दल डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये एक निबंध लिहिला, तो सगळ्या उद्यानवाल्यांनी वाचलेला असावा. हात रिकामे असले की वेळ लांबतो आणि किती थांबायचं हे माहीत नसलं की आणखी लांबतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मोठ्या उद्यानांत रांगेच्या तोंडाशी मिनिटांची पाटी असते. आपल्याकडं पाटी नसली तरी आईला हे सहज जमतं. "अजून चार पाळणे फिरले की आपला नंबर, तू मोज" एवढं म्हटलं की पोर मोजायला लागतं.

आता निघण्याआधीचे दिवस. २०१० मध्ये येरोन नावाइन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुटीवर जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होती ती जाण्याआधी. परत आल्यावर दोन्ही गटांत फारसा फरक उरत नव्हता, फक्त अगदी निवांत सुटी झालेल्यांना तो काही काळ जाणवला. अभ्यास मोठ्यांचा, पण कोणत्याही घरात सहलीआधीच्या आठवड्यात पोरांकडं बघितलं तर तो पटतो. आपल्याकडं शेतकरी आईबाप बेत शेवटच्या दिवसापर्यंत लपवतात, कारण भाव पडला तर बेत मोडणार आणि पोराचं तोंड बघवणार नाही. ही भीती खरी आहे. म्हणून मोठ्या सहलीबरोबर एक पक्का, छोटा बेत वर्षात ठेवावा. हिंगोलीचा दसरा भावावर अवलंबून नसतो. नवरात्राचे घट बसले की दिवस मोजायला सुरुवात करता येते.

आणि परत आल्यावर? रॉबिन फिवुश आणि नीना हॅमंड यांनी १९९१ मध्ये डिस्नीवर्ल्ड बघून आलेल्या ४८ मुलांचा अभ्यास मांडला. सहलीच्या वेळी ही मुलं तीन किंवा चार वर्षांची होती. काहींना सहा महिन्यांनी विचारलं, काहींना तब्बल अठरा महिन्यांनी. एवढ्या लहान मुलांना दीड वर्षानंतरही पुष्कळ आणि बरोबर आठवत होतं. ज्यांच्या घरात त्या सहलीबद्दल जास्त बोलणं झालं होतं, त्यांना जास्त आठवत होतं.

बोलणं कसं असावं यावर फिवुश यांनी नंतर बरंच काम केलं. "मजा आली का?" विचारलं तर पोर "हो" म्हणून पळतं. "टांग्यातल्या बाईच्या मागं काय पळत होतं?" विचारलं तर ते थांबतं, आठवतं, एकाला एक जोडून सांगू लागतं. आईबापांना उत्तर माहीत असतं हे पोराला ठाऊक असतं, त्यामुळं त्यांच्यापुढं ते लवकर कंटाळतं. घरी राहिलेल्या आजीला मात्र खरोखर काही माहीत नसतं. टांगा पळाला म्हणजे बैल होते का घोडा, घोडा नव्हता तर पळाला कसा, विमानतळ होता तर विमान का नव्हतं, राजवाड्यात राहतं कोण, असं ती विचारत राहते, आणि पोराला ते सगळं पहिल्यापासून समजावून द्यावं लागतं.